पोटरी सुजलेली बाळंतीण आणि चोळायला दिलेला नकार

ताई, मालिशला गेलात तिथल्या बाळंतिणीची सुजलेली पोटरी चोळायला तुम्ही नकार दिलात, असं तुम्ही लिहिलंत. आधी एवढंच सांगते की तुम्ही त्या पायाला हात लावला नाही ते बरोबर केलंत. पण तेवढ्यावर काम संपत नाही. सिझर होऊन 12 दिवस झालेत, डावी पोटरी सुजून ताठ झालीय, आणि तिच्या सासूबाई म्हणतात "वात आलाय, गरम तेलानं रगडून दे". तुम्ही नाही म्हणालात म्हणून त्या रागावल्या. हे वाचल्यावर मला काळजी सासूबाईंच्या रागाची वाटली नाही. ती बाई आजच्या आज डॉक्टरांकडे गेली पाहिजे, उद्यावर टाकू नका. तिला दम लागला, छातीत दुखलं किंवा खोकल्यातून रक्त पडलं, तर कुणाला विचारत न बसता 108 ला फोन करा.

कारण असं की, बाळंतपणानंतर सहा आठवडे रक्त गोठण्याची शक्यता जास्त असते, सिझर असेल तर आणखी जास्त. गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर ही गाठ बहुतेक वेळा डाव्या पायातल्या आतल्या शिरेत होते. वरून रगडलं की ती सुटून फुफ्फुसात जाऊन अडकू शकते, आणि मग हातात वेळ राहत नाही. पायाचं प्लास्टर नुकतंच निघालेला माणूस, खुब्याचं ऑपरेशन झालेली आजी, कॅन्सरचे उपचार चालू असलेला माणूस, यांच्याही एकाच पायाला सूज दिसली की हीच शंका धरायची.

मी शिंप्याची टेप पिशवीत ठेवते. गुडघ्याखाली पुढच्या बाजूला हाडाचा उंचवटा लागतो, तिथून 10 सेंटिमीटर खाली दोन्ही पोटऱ्या मोजायच्या. 3 सेंटिमीटरपेक्षा जास्त फरक निघाला तर चोळायचा विषय तिथंच संपला. फरक कमी निघाला म्हणून मात्र निर्धास्त व्हायचं नाही. एकच पाय गरम लागतोय, दुखतोय, रंग बदललाय, एवढं पुरे. खरं काय ते डॉप्लर सोनोग्राफीत, म्हणजे शिरेतलं रक्त कसं वाहतंय ते दाखवणाऱ्या तपासणीत कळतं. आपल्या बोटांना ते कळत नाही, कितीही वर्षं काम केलं तरी.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय बाकीचं सांगायचा मला हक्क नाही. मी हे काम सासूबाईंकडून शिकले. त्या आमच्या गावच्या सुईण, लातूर जिल्ह्यातलं गाव. सुरुवातीची पाच-सहा वर्षं मला वाटायचं, आखडलेलं काहीही तेलानं सुटतं. शेजारचा नऊ वर्षांचा पोरगा लिंबाच्या झाडावरून पडला, कोपराला मार लागला, प्लास्टर झालं, निघालं, आणि हात सरळ होईना. त्याची आई माझ्याकडे घेऊन आली. मी वीस दिवस रोज करडईचं कोमट तेल लावून कोपर चोळलं आणि जोर लावून हात ओढला. पोरगं रडायचं. मी म्हणायचे, "रड बाबा, पण हात मोकळा होऊ दे." हात मोकळा तर झाला नाहीच, होता त्यापेक्षा जास्त आखडला. एक्स-रे काढला तर स्नायूत हाड तयार झालं होतं. डॉक्टरांनी मला बोलावून घेतलं. ओरडले नाहीत, नुसतं विचारलं, "कामून चोळलं हो बाई?" कोपराला मार लागल्यावर चोळणं आणि ओढणं यानं असं हाड धरतं, हे तेव्हा मला पहिल्यांदा कळलं. तो पोरगा आता मोठा झालाय. हात अजून पूर्ण सरळ होत नाही. लग्नकार्यात भेटला की मी त्याच्या हाताकडं बघायचं टाळते.

म्हणून पहिला नियम हाडाचा. ताजा मार, सूज, मुरगळ, हाड मोडल्याची शंका, यात कुणी "बसवून दे" म्हणालं तरी हात लावायचा नाही. फळ्या घट्ट बांधून रक्तच अडलं आणि बोटं काळी पडली, असे हात आपल्याकडच्या दवाखान्यांत अजून येतात. म्हाताऱ्या बायांची हाडं तर ठिसूळच धरून चालायची. वर्षानुवर्षं दम्यासाठी किंवा सांध्यांसाठी स्टेरॉइडच्या गोळ्या घेतलेल्यांचीही तशीच. अशा पाठीवर कोपर किंवा गुडघा टेकायचा नाही.

पाठदुखीचं आपल्या भागात वेगळंच आहे. बीडकडची ऊसतोड माणसं हंगाम संपवून परत आली की निम्म्यांची कंबर धरलेली असते. पाठीत उसण भरली की पायाळू (पायाकडून जन्मलेल्या) माणसाची लाथ खायची, ही आपल्याकडची जुनी रीत. साध्या उसणीला लाथेनंही आराम पडतो आणि चार दिवस गप्प पडूनही पडतो, त्यावर मी वाद घालत नाही. पण चोळायच्या आधी मी तीन गोष्टी विचारते. लघवी अडते का, नाहीतर कळत नकळत होते का? बसायच्या जागेला बधिरपणा आहे का? पायातली ताकद कमी झालीय का? यातलं एकाला जरी "हो" आलं, तर त्याच दिवशी मोठा दवाखाना, कारण मणक्यातल्या नसा दबल्या असतील तर तासांचा हिशोब असतो. आणि संध्याकाळी कणकण येते, वजन उतरलंय, मणक्यावर एकाच जागी टकटक केलं की दुखतं, तर तो टीबी असू शकतो. सरकारी दवाखान्यात त्याची तपासणी आणि औषध फुकट आहे, हेही सांगायचं. नाहीतर लोक खर्चाच्या भीतीनं परत आपल्याचकडं येतात.

साखरवाल्यांना, म्हणजे मधुमेहींना, तळपायाचं भान कमी असतं. तेल किती गरम आहे हे त्यांना विचारून उपयोग नाही, आपल्या मनगटावर टाकून बघायचं. रक्त पातळ करायच्या गोळ्या चालू असतील तर जोर लावायचा नाही, दुसऱ्या दिवशी निळे डाग उठतात. डायलिसिसवाल्याच्या ज्या हाताला फिस्टुला (सुई टोचायला जोडलेली शीर) केलाय, तो हात दाबायचाच नाही. ताप, खरूज, गजकर्ण, नागीण, पिकलेलं गळू असेल तर बरं होईपर्यंत थांबा. गजकर्ण तर तुमच्या हातावरून पुढच्या बाईला जातं. कॅन्सर म्हटलं की लोक माणसाला शिवायलाच घाबरतात, तेही मला पटत नाही. त्यांच्या डॉक्टरांना विचारून, गाठ आणि रेडिएशनचा शेक दिलेली जागा सोडून, हलका हात फिरवला तर त्या माणसाला बरं वाटतं.

पोट मात्र सोडून द्या. "बेंबी सरकलीय" म्हणून आलेल्या पोटात अपेंडिक्स असतं, हर्निया असतो. आणि बाळ आडवं आहे म्हणून गरोदर बाईचं पोट चोळून फिरवणं, हे माझ्या सासूबाई करायच्या. मी करत नाही आणि कुणी केलेलं ऐकूनही घेत नाही. वार (बाळाला पोसणारा, नाळ जोडलेला गोळा) सुटून रक्तस्राव झाला तर आई आणि बाळ दोघंही जातील. पाच महिन्यांच्या पुढं बाईला उताणी फार वेळ ठेवायची नाही, डाव्या कुशीवर घ्यायचं. मानेचा कटकन् आवाज काढायची न्हाव्याच्या दुकानातली सवयही आपण उचलायची नाही, मेंदूला जाणारी रक्तवाहिनी त्यात फाटू शकते.

बाळंतिणीच्या घरात आणखी दोन गोष्टींवरून तुमचं तिच्या सासूबाईंशी वाजणार, तयार राहा. एक म्हणजे बाळाच्या नाकात-कानात तेल सोडणं आणि छाती पिळणं. नाकातलं तेल फुफ्फुसात उतरतं, पिळलेली छाती पिकते. दुसरी, दार-खिडकी बंद करून बाजेखाली पेटलेली शेगडी ठेवणं. शेकायचं असेल तर शेकावं, पण खिडकी उघडी. कोळशाचा विषारी वायू वासानं कळत नाही.

स्वतःचंही बघा. नखं कापलेली, अंगठी-बांगड्या काढलेल्या, प्रत्येकीला धुतलेली चादर, आणि तेल छोट्या वाटीत काढून घ्यायचं, बरणीत बोटं घालायची नाहीत. (खरं करडईचं तेल मिळणंही अवघड झालंय, जिकडं बघावं तिकडं सोयाबीन.) कुठं हात लावणार ते आधी सांगायचं, आणि नको म्हणाली तर तिथं लावायचा नाही. गोळ्या बंद करा असं कधीही म्हणायचं नाही. अंगठ्यानं सगळा जोर लावू नका. मी लावला, आता दोन्ही अंगठे रात्री ठणकतात.

सासूबाईंचं असं करा. नकार तोंडी दिला की तो उद्धटपणा वाटतो, म्हणून मी चिठ्ठी देते आणि त्या दिवशीचे पैसे घेत नाही. उदाहरणार्थ, "सिझरला 12 दिवस. डावी पोटरी उजवीपेक्षा मोठी, गरम, दुखते. चोळलेली नाही." खाली तारीख आणि वेळ. कागद हातात आला की सासूबाईंना गाडी काढायला कारण मिळतं, आणि डॉक्टरांना शेवटचं वाक्य हवंच असतं. डॉप्लरमध्ये काय निघालं ते इथं लिहा.