सीनाकाठी साफसफाईला येताय? मग खोरी आणा, कपडे नकोत

ताई, तुम्ही विचारलंय की पुण्याहून ऑफिसातले पंधरा-वीस जण येत्या शनिवार-रविवारी सीनेच्या पुरात बुडालेल्या सोलापूर जिल्ह्यातल्या माढा-मोहोळकडं घरं साफ करायला निघालोय, सोबत जुने कपडे आणि फरसाणाची पाकिटं आहेत, आणखी काय आणू? माझं मत स्पष्ट आहे. कपडे नकोत, फरसाणही नको. खोरी, घमेली, रबरी वायपर, खराटे आणि प्रत्येकाला गमबूट आणा. आणि जमत असेल तर या शनिवारी येऊच नका, दोन आठवड्यांनी या.

पुरामुळं मोहोळजवळच्या लांबोटीला सोलापूर-पुणे महामार्ग बंद होता तोवर कुणालाच येता येत नव्हतं. रस्ता सुटला तशी मदतीच्या गाड्यांची रांग लागली. पण गाडी थांबते डांबरीवरच्या गावात. तिथं एकेका घरात चार-चार चादरी झाल्यात, आणि ओढ्यापलीकडच्या वस्तीवर अजून चूल पेटलेली नाही. २०२० च्या ऑक्टोबरातही हेच झालं. चक्रीवादळाच्या एक पायरी अलीकडची वादळी प्रणाली (डीप डिप्रेशन) १३ तारखेला आंध्रातल्या काकिनाड्याजवळ किनारा ओलांडून आत आली आणि दुसऱ्या दिवशी अक्कलकोट, पंढरपूर, मोहोळ सगळं पाण्यात. समुद्र आपल्यापासून कुठल्या कुठं, तरी! तेव्हाही पहिला आठवडा गर्दीचा गेला आणि दिवाळीनंतर विहीर उपसायला माणूस मिळेना.

तर एकच वस्ती धरा. दहा गावं फिरण्यापेक्षा चार घरं उंबऱ्यापासून परसापर्यंत पूर्ण करा. सरपंच किंवा ग्रामसेवकांना आधी फोन करून विचारा, किती जण येताय ते सांगा, जेवण बांधून आणा.

घरात शिरल्यावर लगेच खोरं चालवू नका. पंचनामा झालाय का ते घरधन्याला विचारा. झाला नसेल तर भिंतीवरची पाण्याची खूण, भिजलेलं धान्य, फ्रीज, मोटार, स्टार्टर यांचे फोटो त्यांच्याच मोबाइलवर काढून द्या, आणि तलाठ्यांशी बोलणं होईपर्यंत काही फेकू नका. जनावर दगावलं असेल तर पशुवैद्यकीय डॉक्टरांनी बघितल्याशिवाय पुरायचं नाही. उत्साही पोरं तासाभरात घर लख्ख करतात आणि नुकसानीचा पुरावाही त्याच गाळाबरोबर बाहेर जातो.

आता गाळ. ही काळ्या रानाची माती आहे. ओली असताना खोरं सोडत नाही, आणि दोन दिवस ऊन लागलं की टिकावाशिवाय निघत नाही. शेजारी पाण्याची बादली ठेवा, खोरं मधूनमधून बुडवा, चिखल सुटतो. मोठा थर घमेल्यानं काढा, शेवटचं बोटभर पाणी मारत वायपरनं ओढा. दोन आठवड्यांनी याल तेव्हा बराच गाळ वाळलेला असेल, म्हणून टिकाव आणि पहारी जास्त घ्या. काढलेला गाळ गटारीत किंवा वाटेवर लोटू नका, पुढच्या पावसात शेजाऱ्याच्या घरात पाणी शिरतं. एखाद्या शेतकऱ्याचा ट्रॅक्टर-ट्रॉली डिझेल घालून दिवसभर लावून घ्या. हा खर्च कपड्यांपेक्षा कितीतरी सार्थकी लागतो.

माळवदाची (मातीच्या सपाट छताची) आणि मातीची घरं असतील तर फार जपून. पाणी उतरल्यावरही भिंत आतून ओली असते, ती नंतर बसते. भिंतीला फुगवटा किंवा नवी चीर दिसली तर आत माणूस पाठवायचा नाही, सामान राहिलं तरी चालेल. वायरमननं तपासल्याशिवाय मेन स्विचला हात नको.

सरपणाचा ढीग, भिजलेली पोती, उलटं पडलेलं पिंप, यांखाली नाग-घोणस बसलेली असते. आधी लांब काठीनं हलवायचं, मग हात. कुणाला चावलंच तर घट्ट बांधणं, चिरणं काही करू नका, माणसाला चालवू नका, गाडीत घालून थेट सरकारी दवाखाना. पायाला जखम असेल त्यानं चिखलात उतरूच नये, लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, घाण पाण्यातून जखमेवाटे होणारा आजार) धोका असतो. येण्याआधी डॉक्टरांना विचारून प्रतिबंधक गोळीचं ठरवा, मनानं घेऊ नका.

पिण्याच्या पाण्याचं काम जलसुरक्षकाला (गावचं पाणी शुद्ध करणाऱ्या ग्रामपंचायतीच्या माणसाला) धरून करा. एरवी १,००० लिटरला साधारण २.५ ग्रॅम चांगली ब्लीचिंग पावडर आणि तासभर वाट, असा हिशेब असतो. पुराचं पाणी शिरलेल्या विहिरीला तेवढ्यानं भागत नाही. आधी उपसा, मग मात्रा, मग ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरीन उरलंय का त्याची तपासणी. टेस्ट होईपर्यंत तुम्हीही तिथलं पाणी पिऊ नका.

सगळ्यात अवघड असतं भिजलेल्या धान्याचं. वर्षाची ज्वारी कोठीत आंबलेली असते, वास गल्लीपर्यंत येतो, तरी घरातली म्हातारी ‘वाळवू की, जनावराला होईल’ म्हणत ती हलवू देत नाही. बुरशी धरलेलं धान्य जनावरालाही घालायचं नसतं. पण ते तुम्ही सांगू नका, गावातल्या डॉक्टरांना किंवा तिच्या लेकाला सांगू द्या, आणि पोतं तिच्यासमोर उकिरड्यावर ओतू नका. तोवर दुसऱ्या खोलीत काम करा. कागदांचंही तसंच. सातबारा ऑनलाइन परत निघतो. पोरांची गुणपत्रकं, पासबुकं मात्र चिखलाचा गोळा दिसली तरी फेकू नका, स्वच्छ पाण्यातून हलकेच काढून सावलीत पसरा. तुमच्यातल्या ज्यांना खोरं झेपणार नाही त्यांना हे काम द्या, दिवसभर पुरतं.

सेल्फीबद्दल बोलत नाही, तुम्ही समजदार दिसता.

पैसे उरलेच तर वैरण बघा. कडब्याच्या गंजी वाहून गेल्यात, ऊस आडवा झालाय, आणि दावणीला जनावरं उभी आहेत. मुरघासाच्या (हवाबंद मुरवलेल्या हिरव्या चाऱ्याच्या) बॅगा जिल्ह्यातच मिळतात, पुण्याहून वाहून आणायची गरज नाही. कुठल्या वस्तीला किती लागतील ते ग्रामसेवकांना विचारून थेट तिथंच उतरवायला सांगा.