रेड लेडी म्हणून घेतलेल्या पपईत नर निघाले तर

दादा, कागलजवळच्या तुमच्या 300 पपयांचं वाचलं. रेड लेडी या संकरित जातीची म्हणून रोपं घेतली, पाचव्या महिन्यात निम्म्या झाडांना लांब दांड्यांवर लोंबणारे नरफुलांचे घोस आले, आणि रोपवाटिकावाला म्हणतो, "खत कमी पडलं." अगदी हेच उत्तर आम्हालाही मिळालेलं. त्या रोपवाटिकेचं नाव लिहीत नाही, पण खताचा यात काडीचा संबंध नाही.

झाड नर की मादी हे ठरवणारी गुणसूत्रं पपईत अशी: मादी एक्सएक्स, नर एक्सवाय. उभयलिंगी झाडात (एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग) वायचाच जरा वेगळा प्रकार असतो. आईबाप दोघांकडूनही वाय आला, मग तो कुठलाही असो, तर गर्भ जगत नाही. सगळी गोम इथंच आहे. उभयलिंगी झाड स्वतःच्या परागानं फळलं की 2 उभयलिंगी, 1 मादी असं प्रमाण पडतं. मादीवर उभयलिंगीचा पराग पडला की निम्मं-निम्मं. दोन्हीकडं नर नाहीच. रेड लेडीत हे दोनच प्रकार असतात. म्हणजे नर दिसले की एकतर जातच दुसरी, नाहीतर कुणीतरी बाजारातली फळं फोडून बी काढलंय आणि त्यात शेजारच्या गावरान नराचा पराग शिरलाय.

"शंभर टक्के मादी" किंवा "शंभर टक्के उभयलिंगी" रोपं बियापासून मिळतच नाहीत. मूळ सरळ की वाकडं, बी पाण्यात बुडतं की तरंगतं, यावरून नर-मादी ओळखणं, या सगळ्या बाता. पानाची डीएनए तपासणी मात्र खरं सांगते.

आता कोयता घेऊन सगळे नर आडवे करू नका! सगळ्यात महाग पडते ती हीच घाई. आधी उरलेल्या झाडांची एकेक टपोरी कळी ब्लेडनं उभी चिरा. आत फक्त फुगीर बीजकोश असेल तर मादी, बीजकोशाभोवती पुंकेसरही असतील तर उभयलिंगी. बागेत उभयलिंगी पुरेशी असतील तर नर खुशाल काढा. नुसत्या माद्याच उरत असतील तर दर 10 माद्यांमागं 1 नर ठेवा, तोही विखरून. नाहीतर फुलं गळतील. काढायचं झाड जमिनीलगत कापा, उपटू नका, शेजारच्या झाडाची मुळं दुखावतात.

पुढच्या वेळी नर-मादी वेगळी असणारी जात लावलीत तर खड्ड्याला 3 रोपं लावा, म्हणजे त्यात एखादी तरी मादी निघण्याची आशा. तरी 100 खड्ड्यांत सरासरी 12-13 खड्डे निव्वळ नरांचे निघतात, 4 लावली तर 6.

तक्रारीचं म्हणाल तर पावती, पाकिटाचं लेबल, लॉट नंबर आणि घोसांचे तारखेसकट फोटो आजच जमवा. कायदा मला फारसा कळत नाही, पण अर्ज लेखीच द्या आणि पोच घ्या. आम्हाला एका कार्यालयात आधी "फुलं येऊ देत" म्हणाले, फुलं आल्यावर "उशीर केलात."