मावणे : रूपांतराच्या आधी विचारायचं क्रियापद

प्रश्न आला आहे तो असा : प्रोग्रामिंगमध्ये एका संख्याप्रकारातली किंमत दुसऱ्या प्रकारात नेण्याला 'रूपांतर' म्हणावं की 'परिवर्तन'? आणि 'सेफ कन्व्हर्जन'ला 'सुरक्षित रूपांतर' चालेल का?

रूपांतर म्हणा. 'परिवर्तन' समाजात होतं, माणसात होतं; पूर्णांकाचा फ्लोट (दशांशचिन्हाच्या संख्या ठेवणारा प्रकार) होताना तेवढा मोठा शब्द लागत नाही. माझी खरी हरकत आहे 'सुरक्षित'वर. "कन्व्हर्ट झालं, एरर आली नाही, म्हणजे सेफ आहे" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता राहवत नाही. ३०० ही संख्या आठ बिटांच्या (बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) चिन्हरहित, म्हणजे ऋण संख्या नसलेल्या, पूर्णांकात टाका. प्रोग्राम चालताना सी भाषा चकार शब्द काढत नाही. ३०० ला नऊ बिट लागतात : १००१०११००. डावीकडचा एक गळतो, उरतात ००१०११००, म्हणजे ४४. एरर नाही, इशारा नाही, आणि हातात तीनशेच्या जागी चव्वेचाळीस. याला रूपांतर कसं म्हणायचं? रूपांतरात रूप बदलतं, वस्तू तीच राहते. इथे वस्तूच गेली.

या जागी मराठीत नेमकं क्रियापद आहे आणि ते आपण रोज वापरतो : मावणे. तीनशे आठ बिटांत मावत नाही. संपलं. 'सुरक्षित' म्हणजे काय, कोणापासून सुरक्षित, याची फोड करत बसावं लागत नाही.

आता या शब्दाचं कूळ पाहा. 'मावणे' आलं संस्कृत 'मा' धातूपासून, मा म्हणजे मोजणे. माप, मान, मात्रा, प्रमाण, परिमाण, अनुमान, उपमा ही सगळी त्याचीच लेकरं. मोजण्याचा धातू 'आत बसणे' या अर्थाकडे वळला तो मराठीत नव्हे, संस्कृतातच. शिशुपालवधाच्या पहिल्या सर्गात नारद येतात तेव्हा कृष्णाचा आनंद त्याच्या देहात मावत नाही, आणि तिथे माघाने याच धातूचं 'ममुः' हे रूप योजलं आहे. आपला आनंद गगनात मावेनासा होतो तो याच धातूने. गुजरातीत 'मावुं' आहे, हिंदीत 'समाना', मराठीत 'सामावणे'.

मोजण्यातून मावणं कसं निघालं, याबद्दल माझं एक मत आहे आणि मी त्याला चिकटून आहे. मोजण्याची एक जुनी रीत म्हणजे भांड्यात भरून पाहणे. भांडं हेच माप. मापात जे बसलं ते मोजलं गेलं, जे बसलं नाही ते मोजायचं राहिलं. त्यामुळे 'मोजला जातो' आणि 'मावतो' हे दोन अर्थ वेगळे पडायला कारणच नव्हतं. संगणकातही अगदी हेच आहे. आठ बिट हे माप, ० ते २५५ एवढंच त्याला मोजता येतं. त्यात न मावणारी संख्या त्या मापाने मोजताच येत नाही, म्हणून ते ४४ हे चुकीचं उत्तरसुद्धा नाही. ते मोजमापच नाही.

आणि व्याकरण पाहा. 'कास्ट करणे' (किंमतीचा प्रकार बदलायला सांगणे), 'रूपांतर करणे' यांत कर्ता प्रोग्रामर आहे. तो हुकूम सोडतो. 'मावणे'त कर्ता संख्या आहे आणि पात्र सप्तमीत : संख्या प्रकारात मावते. मी कितीही म्हटलं म्हणून ती मावत नाही. परिभाषा तत्सम नामांचीच हवी, साध्या मराठी क्रियापदाला शास्त्रात जागा नाही, असं मानणाऱ्यांना मी हेच विचारतो : तुमच्या 'प्ररूप-परिवर्तना'त (टाइप कन्व्हर्जन) हा कर्ता कुठे दिसतो?

याच मंडळींचा दुसरा शब्द म्हणजे ओव्हरफ्लोसाठी, म्हणजे किंमत प्रकाराच्या मर्यादेबाहेर जाण्यासाठी, 'अतिप्रवाह', आणि त्यांच्यातले मराठी वळणाचे लोक 'उतू जाणे' म्हणतात. दोन्ही फसवे. उतू गेलं तरी भांडं काठोकाठ भरलेलं असतं, सांडतं फक्त जास्तीचं. तसं असतं तर ३०० चे २५५ उरले असते. चिन्हरहित पूर्णांकात २५५ नंतर येतं ०. आकडा फिरून पहिल्यापासून सुरू होतो. त्याला 'फेरा पडणे' म्हणा. खरं उतू जाणं वेगळीकडे सापडतं : रस्ट या भाषेत प्रकार बदलायचा 'ॲज' हा शब्द वापरून ३००.० हा फ्लोट आठ बिटांत नेला तर २५५ मिळतात. पूर्णांक ३०० ला तोच 'ॲज' लावला तर ४४. एकाच भाषेत, एकाच शब्दाने, एकदा भांडं उतू जातं आणि एकदा फेरा पडतो. या दोन्हींना 'अतिप्रवाह' म्हणणाऱ्याला हा फरक सांगता येणार नाही.

न मावण्याचं एक फार महागडं उदाहरण ४ जून १९९६ चं. एरियान ५ रॉकेटचं पहिलं उड्डाण. आडव्या वेगाशी निगडित एक किंमत ६४ बिटांच्या फ्लोटमधून १६ बिटांच्या चिन्हसहित पूर्णांकात न्यायची होती, जिथे ३२७६७ च्या वर काही मावत नाही. ती मावली नाही, आणि इंजिन प्रज्वलनाच्या क्रमाला चाळीस सेकंदही झाली नव्हती तोच रॉकेट नष्ट झालं. 'चुकीचं रूपांतर झालं' असं याबद्दल लिहिलं जातं, तेही बरोबर नाही. प्रोग्राम एडा भाषेत होता. मावत नसल्याचं तिथे कळलं, अपवाद (एक्सेप्शन, म्हणजे काहीतरी बिघडल्याची सूचना) उठला. तो झेलायला कोणी नव्हतं, म्हणून दिशा सांगणारी यंत्रणाच बंद पडली. धोक्याच्या सात किमतींपैकी चारांना संरक्षण दिलं होतं, तिघींना नाही, कारण एरियान ४ च्या मार्गावर त्या मर्यादेत राहत होत्या. म्हणजे तिथे 'मावते' नव्हतं, 'मावेल' होतं. मराठीत हा फरक एका प्रत्ययाचा आहे : 'मावते' म्हणजे पाहिलं आहे, 'मावेल' म्हणजे अनुमान. कोड तपासताना मी शेजारच्याला एवढंच विचारतो, मावते की मावेल?

मावण्याला दोन अंगं आहेत, हे मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. एक आवाका, दुसरं बारकाई. ३२ बिटांच्या फ्लोटचा आवाका अवाढव्य, पण १६७७७२१६ च्या पुढे त्याच्या खुणा विरळ होतात आणि १६७७७२१७ ला जागाच नाही. ती संख्या मुकाट्याने १६७७७२१६ होते. ३२ बिटांच्या पूर्णांकाकडून या फ्लोटकडे जाण्याच्या प्रवासाला जावा भाषा 'रुंदावणारं' रूपांतर म्हणते आणि न विचारता करू देते. पात्र रुंद आहे खरं, पण संख्या त्यात मावलेली नाही. रस्टने इथे शहाणपण दाखवलं आहे : 'फ्रॉम'ची, म्हणजे किंमत न बिघडवणाऱ्या रूपांतराची, वाट ३२ बिटांच्या पूर्णांकाकडून ६४ बिटांच्या फ्लोटकडे आहे, ६४ बिटांच्या पूर्णांकाकडून नाही, कारण त्या फ्लोटची बारकाई ५३ बिटांवर संपते. पूर्णांकांमध्ये शंका असेल तिथे 'ट्राय फ्रॉम', म्हणजे जवळजवळ 'मावते का बघ'. जावातलं 'टू इंट एक्झॅक्ट' आणि सी शार्पमधलं 'चेक्ड' हेही तेच विचारतात.

हा प्रश्न स्वतः लिहायची वेळ आली की मापाकडेही संशयाने बघा. ६४ बिटांच्या फ्लोटमधली किंमत ६४ बिटांच्या पूर्णांकात मावते का, हे पाहायला लोक तिची तुलना ९२२३३७२०३६८५४७७५८०७ या कमाल किमतीशी 'पेक्षा कमी किंवा समान' अशी करतात. पण तुलनेआधी ती कमाल स्वतः फ्लोट होते, आणि फ्लोटमध्ये ती मावत नाही. शेवटच्या सातचा आठ होतो. परिणामी नेमकी न मावणारी ती एक किंमत आत सुटते. माप आणि मावणे एका धातूचे, आणि इथे मापच मावलं नाही! 'शेवटी आठ असलेल्या संख्येपेक्षा कमी', असं काटेकोर लिहावं लागतं.

आणि प्रश्न होकारार्थीच विचारा. 'खालच्या मर्यादेहून लहान किंवा वरच्या मर्यादेबाहेर असेल तर नाकार' असं लिहिलं की नॅन, म्हणजे फ्लोटमधली ती संख्या नसलेली किंमत, बिनबोभाट आत येते, कारण तिच्याशी केलेली लहानमोठेपणाची प्रत्येक तुलना खोटी ठरते. 'दोन्ही मर्यादांच्या आत असेल तरच घे' असं लिहिलं की तीच बाहेर राहते. म्हणजे 'मावत नाही ना?' नव्हे, 'मावते का?'

जाता जाता : 'सामावणे' आणि 'समावेश' एकाच मुळाचे समजून कोणी लिहू नका. समावेश 'विश्' धातूचा, विश् म्हणजे शिरणे, प्रवेश करणे. आठ बिटांत तीनशे शिरवता येतं. सामावत मात्र नाही.