मेळघाटात पहिल्यांदा मुक्काम करायचा तर एवढं पाहून घे

भाऊ, टेंट घेतला ते बरं केलं, पण जंगलात दिसेल तिथं तो ठोकता येत नाही बरं का, व्याघ्र प्रकल्पात तर नाहीच नाही. पहिल्यांदा सेमाडोह नाहीतर कोलकासले वनखात्याची राहायची सोय आहे तिथंच बुकिंग करजो, कोलकासले तर खाली सिपना नदी वाहते, सकाळी तिथं नुसतं बसलं तरी पैसे वसूल. डिसेंबरात जाशील तर चिखलदऱ्याकडची थंडी हलक्यात घेऊ नको, मी एकदा नुसती शाल घेऊन गेलो अन् रातभर कुडकुडत बसलो, बायको अजून हसते.

शेकोटीचं मात्र नीट ऐक. राखीव जंगलात परवानगीशिवाय जाळ केला तर 1927 च्या वन कायद्यात गुन्हा आहे, अन् फेब्रुवारीनंतर पानगळ झाली की एक बिडीही पुरते वणवा लागाले. गोवऱ्यांच्या जाळावर भाजायच्या रोडग्याचा बेत असंल तर तो घरी वावरात कर, इथं डब्बा ने. मार्च-एप्रिलात मोहाच्या झाडाखाली पहाटे एकटा भटकू नको, मोहाची फुलं खायले अस्वलं येतात, अन् अस्वल वाघापेक्षा बेभरवशाचं. टॉर्चचे सेल जास्तीचे ठेव, मोबाइलले रेंज राहीलच असं समजू नको.