तू त्याची ताईच राहा

चिरंजीव मुली,

अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले आणि मी ते दोनदा वाचले; पहिल्यांदा तुझ्या भावासाठी आणि दुसऱ्यांदा तुझ्यासाठी. पाच वर्षांच्या मुलाला रक्ताचा कर्करोग झाल्याचे कळल्याला आता पाच आठवडे होत आले. एवढ्या दिवसांत तू वॉर्डात रात्र काढायला शिकलीस, फायलीतले रिपोर्ट तारखेनुसार लावायला शिकलीस, आईला बळेच झोपायला पाठवायला शिकलीस, आणि आता शिक्षण सोडून पूर्ण वेळ घरीच थांबावे का, असे विचारते आहेस. मुलांच्या कर्करोग विभागात मी सव्वीस वर्षे परिचारिका होते म्हणून तू हे मला विचारलेस, हे मी जाणते. माझे उत्तर आधीच सांगते: सोडू नकोस. पण त्यामागचे कारण समजल्याशिवाय ते उत्तर तुला स्वार्थाचे वाटेल, म्हणून सविस्तर लिहिते.

तुझ्या भावाला झालेला ॲक्यूट लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया हा लहान मुलांमध्ये सर्वांत जास्त आढळणारा कर्करोग आहे आणि त्याचे उपचार दोन ते तीन वर्षे चालतात. डॉक्टरांनी हे पहिल्याच भेटीत सांगितले असणार. परंतु त्या दिवशी आजाराचे नाव कानावर पडल्यानंतरचे काहीही कोणाच्या लक्षात राहत नाही. साधारण चार आठवड्यांचा पहिला टप्पा संपला, अस्थिमज्जेच्या, म्हणजे हाडांच्या आत रक्त तयार होते त्या भागाच्या, तपासणीत कर्करोगाच्या पेशी दिसल्या नाहीत आणि बाबांनी फोन करून सगळ्या नातेवाइकांना कळवले, असे तू लिहिलेस. ही बातमी खरोखरच आनंदाची आहे. मात्र पेशी दिसत नाहीत याचा अर्थ त्या उरल्या नाहीत असा होत नाही, आणि हे ज्ञान वैद्यकशास्त्राला फार मोठी किंमत देऊन मिळालेले आहे. १९४८ साली बोस्टनमध्ये सिडनी फार्बर यांनी अमिनोप्टेरिन हे औषध देऊन अंथरुणाला खिळलेली मुले पुन्हा उठून बसल्याचे दाखवले. पण ती सुधारणा तात्पुरती ठरली आणि आजार परतला. पुढे एकाच्या जागी अनेक औषधे, ठरावीक क्रमाने आणि दीर्घकाळ देण्याची पद्धत बसत गेली, तेव्हा कुठे मुले बरी होऊन मोठी होऊ लागली. तुझ्या भावाला मिळणारे व्हिन्क्रिस्टिन मूळचे सदाफुलीतून मिळालेले आहे, आणि पुढे तो रोज घेणार असलेली मर्कॅप्टोप्युरिनची गोळी ज्यांच्या संशोधनातून आली, त्या गर्ट्रूड एलियन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांना १९८८ च्या नोबेल पारितोषिकात वाटा मिळाला. ज्या देशांत संपूर्ण उपचार मुलांपर्यंत पोहोचतात, तेथे हा आजार झालेल्या दहापैकी सुमारे नऊ मुले आज बरी होतात. त्या वाक्यातला ‘संपूर्ण’ हा शब्द मात्र विसरू नकोस.

आता तुझ्या घराकडे वळते. तुम्ही सर्वांनी घर एका महिन्याच्या संकटासाठी लावलेले आहे. आईने काम थांबवले, बाबा रात्री जागतात, तू वर्गात जाणे बंद केलेस आणि सगळे मिळून त्या एका खाटेभोवती बसलेले आहात. पहिल्या महिन्यात हे स्वाभाविकच असते. परंतु मी पाहिलेली अनेक घरे दुसऱ्या वर्षी, म्हणजे मूल दिसायला ठीक झाल्यावर, रुग्णालयाच्या फेऱ्या कमी झाल्यावर आणि रोजची गोळी एवढेच मोठे काम उरल्यावर खचली, कारण सगळ्यांनी सगळे बळ सुरुवातीलाच खर्च केले होते. म्हणून आजच तिघांनी बसून अडीच वर्षांचा विचार करा: कोणत्या दिवशी कोण रुग्णालयात जाईल, कोण घरी झोपेल, आणि कोणाचे कोणते काम कोणत्याही परिस्थितीत बंद पडू द्यायचे नाही. तुझे शिक्षण या शेवटच्या यादीत असावे, असे मला मनापासून वाटते. आईबाबांना हे माझ्या नावाने सांग.

तुझ्याकडे एखादे ठरावीक काम मात्र पूर्णपणे घे. माझे मत विचारशील तर औषधांची वही घे. पुढच्या काळात मर्कॅप्टोप्युरिन रोज असते आणि मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच. ही आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेल्यास जिवावर बेतू शकते. रोजच्या गोळ्या शंभरांतून पाचपेक्षा जास्त वेळा चुकल्या, तर आजार परतण्याचा धोका वाढतो, असेही अभ्यासात आढळले आहे. मूल खेळू लागले की हीच गोळी सर्वांत आधी विसरली जाते. रोज एकाच वेळी गोळी द्यायची, दिल्यावरच खूण करायची, आणि डोस उलटून पडला तर स्वतःच्या मनाने दुसरा न देता फोन करून विचारायचे. हे काम कोणाच्या डोळ्यांत भरत नाही, पण भाऊ बरा होण्यात त्याचा वाटा मोठा आहे आणि ते शिकता शिकता करता येते.

तापाबद्दल मी कठोरपणे लिहिणार आहे. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास पांढऱ्या पेशी सर्वांत खाली येतात. तुम्ही वॉर्डात ‘काउंट पडले’ म्हणता ते हेच. त्या वेळी जंतुसंसर्ग झाला तर सूज, लाली, पू यांपैकी बहुधा काहीही दिसत नाही, कारण ही लक्षणे ज्या पेशींमुळे उमटतात त्याच फार कमी असतात. ताप ही बहुधा एकमेव खूण असते आणि काही तासांत प्रकृती गंभीर होऊ शकते. तापमान ३८ अंश सेल्सिअस, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, किंवा तुमच्या डॉक्टरांनी जो आकडा सांगितला असेल तो गाठला, की त्याच क्षणी फोन करून निघायचे. ‘सकाळपर्यंत बघू’ हे वाक्य तुमच्या घरातून काढून टाका. विचारल्याशिवाय तापाचे औषध द्यायचे नाही, कारण ताप उतरलेला दिसतो आणि संसर्ग आत वाढत राहतो. अंग गार पडले, मूल सुस्त झाले किंवा थंडी वाजून हुडहुडी भरली, तर तापमान कमी असले तरी निघायचे. एक पिशवी कायम भरून दाराशी ठेवा. रात्री दोन वाजता ताप आला म्हणून मूल घेऊन धावत आलेल्या आणि सकाळी ‘उगाच त्रास दिला’ म्हणून संकोचलेल्या कितीतरी आयांना मी सांगितले आहे की तुम्ही योग्य केले. उशिरा आलेल्यांना सांगण्यासारखे माझ्याकडे काही नसे. गोवर किंवा कांजिण्या झालेल्या कोणाशी त्याचा संपर्क आला, तरी त्याच दिवशी डॉक्टरांना कळवायचे. केस गळतील आणि पुन्हा येतील. त्याची चिंता तुम्हालाच जास्त वाटेल, त्याला कमी.

स्टेरॉइडच्या दिवसांविषयी तू लिहिलेस की ‘तो माझा भाऊच राहिलेला नाही, ओरडतो, मारतो, मध्यरात्री उठून खायला मागतो आणि मग रडत बसतो.’ हे औषधाचे काम आहे. त्या दिवसांत त्याला शिस्त लावायला जाऊ नकोस, पण मारू मात्र देऊ नकोस. हात धरून शांतपणे ‘मारायचे नाही’ एवढेच म्हण. मोठ्या माणसांनाही स्टेरॉइड घेताना मन आवरत नाही, तो तर पाच वर्षांचा आहे. औषध थांबल्यावर काही दिवसांनी तुझा भाऊ तुला परत दिसेल.

तू सर्वांत शेवटी आणि सर्वांत कमी शब्दांत जे विचारलेस, ते मला सर्वांत महत्त्वाचे वाटले: त्याला किती सांगायचे? आई म्हणते, लहान आहे, काही सांगू नका. मुली, त्याला कळते. सगळे दाराबाहेर जाऊन बोलतात, आई डोळे पुसून आत येते, बाबा एकाएकी कोणताही हट्ट पुरवतात, हे त्याला दिसत असते. कारण कोणी सांगत नाही, म्हणून तो स्वतःचे कारण तयार करतो. या वयाच्या मुलांना आपल्या विचाराने किंवा वागण्याने गोष्टी घडतात असे वाटते, आणि म्हणून त्यांनी तयार केलेले कारण बहुतेक वेळा एकच असते: मी काहीतरी वाईट केले. परवा त्याने तुला विचारले की ‘मी तुझी वही फाडली होती म्हणून मला सुया टोचतात का?’ आणि तू उत्तर न देता बाहेर जाऊन रडलीस. आता उत्तर दे. आजाराचे नाव सांग, तेच नाव जे डॉक्टर घेतात, म्हणजे दुसऱ्याच्या तोंडून ऐकून तो दचकणार नाही. सांग की रक्त तयार होते त्या जागी काही पेशी बिघडल्या, तू काही केलेस म्हणून नाही, ताईने काही केले म्हणून नाही, आणि औषध त्या पेशींना घालवते. सांग की हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही, म्हणून मी तुझ्याजवळ झोपू शकते. एवढे पुरे आहे. तो खेळायला लागेल आणि चार दिवसांनी हेच पुन्हा विचारेल. तेव्हा पुन्हा तेच, त्याच शब्दांत सांग.

नोकरीच्या पहिल्या वर्षी मी एका मुलाला सुई टोचण्यापूर्वी ‘अजिबात दुखणार नाही’ असे सांगितले होते. त्यानंतर अनेक महिने त्याने माझ्यापुढे हात केला नाही. मी नुसते पाणी घेऊन गेले तरी तो हात पाठीमागे लपवत असे. तेव्हापासून मी कोणत्याही मुलाला खोटे सांगितले नाही. ‘टोचेल, मी तीनपर्यंत मोजेन, मग संपेल’ असे सांगावे आणि तीनलाच संपवावे. टोचायचे की नाही, हे त्याला विचारू नये, कारण ते त्याच्या हाती नाही. कोणता हात, मांडीवर बसून की खाटेवर, मोजायचे कोणी, हे अवश्य विचारावे. त्याला आडवे दाबून धरण्यापेक्षा मांडीवर छातीशी घेऊन बसवले आणि साबणाचे फुगे फुंकायला दिले, तर दुखणे खरोखर कमी जाणवते. मणक्यातल्या इंजेक्शनासाठी भूल देणार असतील तर सकाळी उपाशी ठेवावे लागेल. स्टेरॉइडच्या दिवसांत हे उपाशी राहणे त्याला सुईपेक्षा जड जाईल, म्हणून त्याच्यासमोर घरातल्या कोणीही खाऊ नये आणि शक्य तितका लवकरचा क्रमांक मागून घ्यावा.

तुझ्याविषयीही लिहिले पाहिजे. तू लिहिलेस, ‘कधी कधी मला त्याचा राग येतो आणि मग स्वतःची लाज वाटते.’ आजारी मुलांच्या भावाबहिणींच्या मनात हे येतेच. घरातले सगळे लक्ष एका बाजूला गेले की दुसऱ्या बाजूला रितेपण येते. तो राग त्याच्यावर काढू नकोस, पण आईपाशी बोल. तिला ओझे होईल असे समजून गप्प राहिलीस, तर ती तुला ‘समजूतदार’ समजून आणखी लांब राहील. विभागातल्या समुपदेशकांकडे तूही जाऊ शकतेस, त्यासाठी आजारी असावे लागत नाही. बाबा बोलत नाहीत म्हणून त्यांना दुःख कमी आहे असे धरू नकोस. त्यांना रुग्णालयात एक दिवस एकटे राहू दे. डॉक्टरांचे बोलणे स्वतः ऐकल्यावर ते बोलू लागतील.

अस्थिमज्जा देण्याची तयारी तू दाखवलीस, ती मी वाचली. सख्ख्या भावंडांची मज्जा पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते, आणि या आजाराच्या बहुसंख्य मुलांना प्रत्यारोपण लागतच नाही. डॉक्टर विचारतील तेव्हा विचार कर. प्रत्यारोपण करावे लागेल अशी शक्यता असेल, तर जवळच्या नातेवाइकांचे रक्त त्याला देणे सहसा टाळतात. पण तू रक्तपेढीत जाऊन रक्तदान करू शकतेस. प्लेटलेट्स जेमतेम पाच-सात दिवस टिकतात, म्हणून त्या कोणीतरी सतत द्याव्या लागतात; आज तुझ्या भावाला मिळालेल्या प्लेटलेट्सही अशाच कोणा अनोळखी माणसाने दिलेल्या आहेत.

नातेवाईक उपाय सुचवतील, त्यांत प्रेमच असेल. कोणतेही औषधी चूर्ण किंवा काढा डॉक्टरांना दाखवल्याशिवाय देऊ नका. काही वनस्पती केमोच्या औषधांचा परिणाम बदलतात. आणि मूल बरे दिसते आहे म्हणून उपचार मध्येच थांबवण्याचा सल्ला कोणी दिला, तर तो ऐकून घेऊन विसरून जा.

आता पुन्हा तुझ्या पहिल्या प्रश्नाकडे येते. तुझ्या पत्रात एक ओळ अशी आहे, जी लिहिताना तुला बहुधा महत्त्वाची वाटली नसावी. तू एका दिवसासाठी वर्गात जाऊन आलीस, तेव्हा त्याने तुला तासभर शेजारी बसवून घेतले आणि बाकावर कोण बसले, मैदानातले कुत्रे अजून आहे का, पाऊस खिडकीतून आत आला का, हे सगळे विचारले. त्याला औषध देणारी, तापमान मोजणारी, डोळे पुसणारी माणसे पुष्कळ आहेत. त्या खोलीबाहेरची बातमी आणणारी तू एकटी आहेस.

सोमवारपासून वर्गात जा. संध्याकाळी त्याच्याजवळ बस आणि दिवसभराचे सगळे सांग. पुढच्या पत्रात त्याचे काउंट लिहिशीलच. तुझी परीक्षा कोणत्या तारखेला आहे, तेही लिही.

तुझी,
मावशी