भूत राहू द्या, आधी मेलेला माणूस खरा होता का ते बघा

तुम्ही विचारलंय की जगभरात जी झपाटलेली हॉटेलं म्हणून प्रसिद्ध आहेत त्यांच्या गोष्टींत काही तथ्य असतं का, की सगळं गिऱ्हाईक ओढायला रचलेलं असतं. माझा भुतांवर काडीचा विश्वास नाही, पण या गोष्टींचा नाद मात्र भयंकर आहे. आणि वाचून वाचून एक सवय लागलीय, भूत दिसतं की नाही हा वाद बाजूला ठेवायचा आणि ज्याचं भूत म्हणतात तो माणूस खरंच होता का, तिथेच मेला का, कुठे कागदावर नोंद आहे का ते आधी बघायचं. असं केलं की काही गोष्टी जागच्या जागी कोसळतात, आणि काहींमध्ये खरी हकीकत भुतापेक्षा जास्त अंगावर येते.

कॅलिफोर्नियातलं होटेल डेल कोरोनाडो घ्या. समुद्रकाठचं मोठं लाकडी हॉटेल, १८८८ साली सुरू झालेलं. नोव्हेंबर १८९२ मध्ये एक तरुण बाई तिथे एकटी आली, रजिस्टरमध्ये नाव लिहिलं लॉटी बर्नार्ड, तब्येत बरी दिसत नव्हती, भाऊ येणार आहे म्हणून त्याची वाट बघतेय असं सांगायची. भाऊ काही आला नाही. पाच दिवसांनी समुद्राकडे उतरणाऱ्या बाहेरच्या पायऱ्यांवर ती मेलेली सापडली, डोक्यात गोळी. चौकशीत आत्महत्या ठरली, पण ही बाई कोण हेच कोणाला सांगता येईना, गावोगावच्या पोलिसांना तिचं वर्णन तारेने पाठवावं लागलं आणि मग कळलं की नाव खोटं होतं, ती केट मॉर्गन. आता ती उतरली होती त्या खोलीत दिवे आपोआप लागतात, पंखा फिरतो, टीव्ही सुरू होतो वगैरे किस्से सांगतात. असू देत. पण एक बाई खोट्या नावाने येते, पाच दिवस कोणाची तरी वाट बघते आणि मेल्यावर तिला ओळखणारं एक माणूस नाही, याच्यापुढे पंखा फिरण्याचं काय घेऊन बसलात! हॉटेलने पण नंतर लपवाछपवी सोडली, स्वतःच तिच्यावर पुस्तक काढलं. तिची खोली तेव्हा ३०२ होती, आता तिचा नंबर ३३२७ आहे आणि लोक मुद्दाम तीच मागतात.

याच्या बरोब्बर उलटं म्हणजे लुईझियानातलं मर्टल्स, जुन्या मळ्यावरचा वाडा, आता तिथे पाहुणे उतरतात. तिथली कथा अशी की क्लोई नावाच्या गुलाम मुलीने कण्हेरीचा रस घातलेला केक खायला घालून मालकीण आणि मुलांना मारलं, मग तिला फाशी दिलं, आणि ती अजून डोक्याला हिरवं फडकं बांधून फिरते. ऐकायला जबरदस्त. पण क्लोई नावाच्या कोणाची तिथे नोंदच सापडत नाही, आणि ती मालकीण विषाने नाही, १८२३ मध्ये पिवळ्या तापाने गेली, पाठोपाठ मुलंही तापानेच. त्या वाड्यात दहा खून झाले असं सांगतात, कागदावर सापडतो तो एकच, १८७१ साली विल्यम विंटर नावाच्या वकिलाला गोळी घातली तो. मला या गोष्टीचा रागच येतो खरं तर, कारण ज्या मळ्यावर शेकडो गुलाम राबले आणि मेले त्यांची नावं पण कोणाला नकोत, आणि भूत हवं म्हटल्यावर त्यांच्यातलीच एक खुनी बाई रचायची.

आणि मग आर्कान्सामधलं क्रेसेंट हॉटेल, हे माझं सगळ्यात आवडतं (आवडतं म्हणणं बरोबर नाही, पण समजून घ्या). १८८६ चं हॉटेल, धंदा बसला, आणि १९३७ मध्ये नॉर्मन बेकर नावाच्या इसमाने ते घेऊन कॅन्सरचं हॉस्पिटल काढलं. हा डॉक्टर नव्हताच, रेडिओवरून बडबड करून नावारूपाला आलेला माणूस, जांभळ्या रंगाचं वेड, आणि ऑपरेशन नको रेडिएशन नको माझं औषध घ्या म्हणायचा. औषधात काय, तर कलिंगडाच्या बिया, मक्याच्या कणसाचे केस, असलं काहीबाही. आसपासच्या राज्यांतून मरणाला टेकलेले लोक पैसे घेऊन आले. शेवटी १९४० मध्ये त्याला शिक्षा झाली ती पण खुनाबद्दल नाही, टपालातून फसवणूक केल्याबद्दल, चार वर्षं! आज तिथल्या भुतांच्या टूरमध्ये तळघरातली शवागाराची खोली दाखवतात आणि लोकांना वाटतं सगळा नाटकी मालमसाला आहे, पण २०१९ मध्ये हॉटेलच्या मागच्या बाजूला माळीकाम चालू असताना जमिनीतून त्या काळच्या बाटल्याच बाटल्या निघाल्या, काहींमध्ये स्पिरिटमध्ये ठेवलेले मांसाचे तुकडे. पुरातत्त्ववाल्यांना बोलवावं लागलं. म्हणजे इथे बेकर असले तुकडे बाटल्यांत भरून ठेवायचा, हा दंतकथेतला सगळ्यात अविश्वसनीय वाटणारा भागच खरा निघाला.

गिऱ्हाईक ओढायचा मुद्दा तुमचा बरोबर आहे, फक्त तो तसा अलीकडचा आहे. पूर्वी खोलीत कोणी मेलं तर हॉटेलवाले जिवाचा आटापिटा करून दाबायचे. भुतांचा धंदा नंतर कसा सुरू झाला त्याला कोलोराडोच्या स्टॅनली हॉटेलचं उदाहरण बघा. १९११ मध्ये तिथल्या २१७ नंबरच्या खोलीत गॅसचा स्फोट झाला, चेंबरमेड जखमी झाली पण वाचली. म्हणजे त्या खोलीत कोणी मेलंच नाही. मग १९७४ मध्ये सीझन संपता संपता भयकथा लिहिणारा स्टीफन किंग तिथे उतरला, हॉटेल जवळपास रिकामं, आणि त्यातून 'द शायनिंग' ही कादंबरी सुचली. त्यानंतर भुतं वाढली. सिनेमा करताना बाहेरून दिसणारं हॉटेल म्हणून ओरेगनचं टिंबरलाइन लॉज वापरलं, तेव्हा त्या लॉजवाल्यांनी विनंती केली की बाबांनो कादंबरीतली झपाटलेली २१७ नंबरची खोली नका दाखवू, आमच्या २१७ मध्ये कोणी राहणार नाही, म्हणून सिनेमात २३७ आहे, जी त्यांच्याकडे नाहीच. आणि झालं काय, तर आता टिंबरलाइनमध्ये सगळ्यात जास्त मागणी २१७ लाच आहे!

सगळी भुतं धंद्यासाठीच जन्मतात असं मात्र नाही. राजस्थानात कोट्याच्या ब्रिजराज भवन हॉटेलमध्ये मेजर बर्टन या इंग्रज अधिकाऱ्याचं भूत सांगतात, १८५७ मध्ये त्याला दोन मुलांसकट तिथेच मारलं होतं ही खरी घटना आहे, आणि भूत काय करतं तर रात्री ड्युटीवर डुलक्या घेणाऱ्या पहारेकऱ्याला थोबाडीत देतं. मालकाला याहून सोयीचं भूत शोधून सापडणार नाही.

आणि वाटसरू आणि सराई ही जोडी तर फारच जुनी आहे. दोन हजार वर्षांपूर्वी रोमच्या सिसेरोने लिहून ठेवलेली एक हकीकत आहे. दोन मित्र ग्रीसमधल्या मेगारा गावात पोचतात, एक सराईमध्ये उतरतो, दुसरा ओळखीच्या घरी. रात्री दुसऱ्याच्या स्वप्नात पहिला येतो, सराईवाला मला मारतोय, धाव. हा दचकून उठतो आणि स्वप्न म्हणून परत झोपतो. मग पहिला परत स्वप्नात येतो, आता मेलोच, निदान सकाळी वेशीवर ये, माझं प्रेत शेणाच्या गाडीत दडवून बाहेर काढणार आहेत. सकाळी गाडी अडवतात, प्रेत निघतं, सराईवाला पकडला जातो. मला वाटतं सगळ्या हॉटेली भुतांच्या मुळाशी हीच भीती आहे, कुलपाची दुसरी किल्ली अनोळखी माणसाकडे असते आणि आपण निर्धास्त झोपायचं असतं.

आता लोकांना अनुभव येतात त्याचं काय. बहुतेक लोक खोटं बोलत नसतात असं माझं मत आहे. २०१६ मध्ये ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी दाखवलं की नव्या जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही, बारीकसारीक आवाजाला जास्त दाद देतो, म्हणजे जवळपास पहाराच. त्यात हॉटेल जुनं, पाईप ठोकल्यासारखे वाजतात, लाकूड करकरतं, वरच्या मजल्यावर कोणीतरी खुर्ची सरकवतं. अर्धवट जाग येऊन शरीर हलत नाही आणि छातीवर कोणी बसलंय असं वाटतं तो झोपेचाच प्रकार आहे, झोप मोडली की त्याची शक्यता वाढते. आणि आधी सांगून ठेवलेलं असेल तर संपलंच. १९९७ च्या एका प्रयोगात एका बंद पडलेल्या नाट्यगृहात काही जणांना सांगितलं इथे भुताटकी आहे आणि बाकीच्यांना सांगितलं दुरुस्ती चालू आहे, तर विचित्र अनुभव पहिल्या गटाला कितीतरी जास्त आले. इमारत तीच.

म्हणून अशा ठिकाणी राहायला जाणारच असाल तर आधी टूर घेऊ नका, एक रात्र झोपा, सकाळी काय वाटलं ते लिहून काढा आणि मगच त्या खोलीची गोष्ट विचारा. तुमचं लिहिलेलं आणि त्यांची गोष्ट जुळली तर इथे येऊन नक्की सांगा, मला वाचायला आवडेल.