वाचक विचारतात : भगत यांचा व्हिक्टोरिया क्रॉस

प्रश्न : सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंग भगत यांना सुरुंग शोधल्याबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, असं वाचलं. समोरासमोरची झुंज नसताना ब्रिटिशांचं सर्वोच्च शौर्यपदक कसं काय?

उत्तर : झुंज होती, पण ती रस्त्याशी होती. सुदान-इथिओपिया सीमेवरचं मेतेम्मा सोडून इटालियन फौज गोंडारच्या दिशेने मागे सरली ती ३१ जानेवारी १९४१ च्या रात्री. जाताना तिने रस्त्यात आणि आजूबाजूला सुरुंग पेरले. पाठलाग करणाऱ्या ब्रिटिश-भारतीय ताफ्याच्या अगदी पुढच्या ब्रेन कॅरियरमध्ये (छोट्या चिलखती गाडीत) भगत होते, रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या लष्करी अभियंत्यांच्या दलातल्या एका सेक्शनचे (तुकडीचे) प्रमुख म्हणून. चार दिवसांत ५५ मैलांच्या वाटेवर त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रं हुडकली आणि स्वतःच्या देखरेखीखाली साफ करून घेतली. दोनदा त्यांचं कॅरियर सुरुंगावर उडालं, सोबतचे जवान त्यात बळी पडले. तिसऱ्या वेळी दबा धरून बसलेल्या शत्रूने जवळून गोळीबार केला. स्फोटाने एका कानाचा पडदा फाटला, तरी भगत यांनी बदली अधिकारी घ्यायला नकार दिला.

नकाराचं कारण सायटेशनमध्ये, म्हणजे पदकाच्या अधिकृत प्रशस्तीत, नोंदवलेलं आहे : हे काम शेवटपर्यंत नेण्यासाठी आता आपणच अधिक योग्य आहोत. आम्हाला या पदकाचा गाभा इथेच दिसतो. तीन-चार क्षेत्रं साफ केलेल्या माणसाला शत्रू सुरुंग कुठे पेरतो, माती कशी लपवतो, याचा अंदाज आलेला असतो. नव्या अधिकाऱ्याला तो पहिल्यापासून बांधावा लागला असता आणि त्याची किंमत मागच्या ताफ्याने मोजली असती. म्हणूनच सायटेशन एखाद्या क्षणाच्या पराक्रमावर थांबत नाही, ९६ तासांच्या चिकाटीचा मुद्दाम उल्लेख करतं. दुसऱ्या महायुद्धात हा सन्मान मिळवणारे भगत पहिले भारतीय.

प्रश्न : डिटेक्टरशिवाय सुरुंग सापडत कसे?

उत्तर : पोलिश बनावटीचा हातात धरायचा विद्युत डिटेक्टर मोठ्या प्रमाणावर वापरात आला तो १९४२ मध्ये, इजिप्तमधल्या एल अलामेनच्या लढाईत. त्याआधी भिस्त डोळ्यांवर आणि संगिनीवर. आधी नजर : उकरलेल्या मातीचा वेगळा रंग, अचानक तुटलेल्या चाकोऱ्या, नुकताच पसरलेला पाचोळा. त्यातही मोरी, वळण, दोन्ही बाजूंना उतार असलेला अरुंद पट्टा इथे संशय जास्त, कारण तिथे गाडीला बगल देऊन जाता येत नाही.

शंका आली की पालथं पडून संगीन तिरकी, साधारण ३० अंशांत, हलक्या हाताने खुपसायची. सरळ उभी खुपसली तर टोक सुरुंगाच्या वरच्या दाबपट्टीवर बसतं. तिरकी गेली तर ते कडेला लागतं. टणक लागलं की माती हाताने बाजूला करायची, कडेने आणि खालून चाचपून उचलताच फुटेल अशी तार किंवा दुसरा सुरुंग जोडलेला नाही ना हे पाहायचं. मग स्फोटक कळ निकामी करायची, नाहीतर दूरवरून दोरीने ओढायचं किंवा जागीच उडवायचं.

चूक होते ती बहुतेक वेळा घाईत. रणगाडाविरोधी सुरुंग माणसाच्या वजनाने सहसा फुटत नाही, पण जेमतेम चार टनांचं कॅरियर त्याला पुरेसं असतं. त्याचं चिलखत ७ ते १० मिलिमीटर, वरून ते उघडंच. पुढच्या गाडीतल्या अधिकाऱ्याला चालत्या गाडीतून ठरवावं लागतं की कुठे थांबायचं. पावलोपावली थांबला तर शत्रू निसटतो, कमी थांबला तर गाडी उडते. चार दिवस, पहाटेपासून अंधार पडेपर्यंत, हा निर्णय भगत घेत होते.

प्रश्न : परमवीरचक्र विजेते रामा राघोबा राणे यांची कामगिरी अशीच होती ना?

उत्तर : होय, आणि दोघेही बॉम्बे सॅपर्सच्याच परंपरेतले. ८ ते ११ एप्रिल १९४८ या काळात नौशेरा-राजौरी रस्त्यावर राणे यांनी रणगाड्यांसाठी सुरुंग आणि अडथळे दूर केले. पहिल्याच दिवशी मॉर्टरच्या माऱ्यात त्यांच्या पथकातले दोघे ठार झाले आणि राणेंसह पाच जण जखमी झाले.

प्रश्न : आजोबांच्या पेटीत सहा टोकांचा तारा सापडला आहे. ते शौर्यपदक असेल का?

उत्तर : नाही. सहा टोकांचे पितळी दिसणारे तारे हे दुसऱ्या महायुद्धात त्या-त्या आघाडीवर ठरावीक काळ सेवा केल्याबद्दलचे. फिकट वाळूच्या रंगाच्या फितीवर मध्ये रुंद लाल पट्टा, एका बाजूला गडद आणि दुसऱ्या बाजूला फिकट निळी रेघ असेल, तर तो आफ्रिका स्टार. युद्धपदकाच्या फितीवर ब्राँझचं ओकचं पान दिसलं तर मात्र शोध घ्या, कारण ते युद्धवृत्तांतात नावाचा खास उल्लेख झाल्याची खूण आहे.

व्हिक्टोरिया क्रॉस दिसायला साधा असतो : गडद ब्राँझ, किरमिजी फीत, मुकुटावर सिंह आणि खाली 'फॉर व्हॅलर' ही अक्षरं. विजेत्याचं नाव, हुद्दा आणि पलटण वरच्या आडव्या पट्टीच्या मागे कोरतात, कामगिरीची तारीख क्रॉसच्या मागच्या वर्तुळात.

नोंद शोधायची तर लंडन गॅझेटचा (ब्रिटिश सरकारच्या राजपत्राचा) संग्रह ऑनलाइन मोफत पाहता येतो. कामगिरीच्या तारखेलाच शोधणं ही नेहमीची चूक. भगत यांचं नाव १० जून १९४१ ला, म्हणजे चार महिन्यांनी छापून आलं. तेव्हा पुढचं किमान दीड वर्ष चाळा आणि आडनावाची दोन-तीन स्पेलिंग वापरून पाहा. इतर बऱ्याच शौर्यपदकांच्या बाबतीत गॅझेटमध्ये फक्त नाव असतं. शिफारशीचा मजकूर ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात डब्ल्यूओ ३७३ या मालिकेत मिळतो.

प्रश्न : जुनं पदक चकचकीत करावं का?

उत्तर : कृपा करून करू नका. पितळ घासायच्या पॉलिशने ब्राँझवरचा मूळ गडद थर जातो आणि कोरलेली अक्षरं झिजतात. ती परत आणता येत नाहीत. मऊ, कोरड्या ब्रशने धूळ झटका, सुती हातमोजे घालून कडेने धरा. पीव्हीसीची पिशवी, रबरबँड आणि वर्तमानपत्र तिन्ही टाळा, त्यातल्या आम्ल आणि गंधकाने धातू डागाळतो. आम्लरहित कागदात गुंडाळून, सिलिका जेलची पुडी ठेवून, उजेडापासून दूर ठेवलं की फितीचा रंगही टिकतो. फीत जीर्ण झाली तरी जुनी फेकू नका, पदकासोबत वेगळ्या पाकिटात ठेवा.